बाबांची रेघ

काय काम करतेस असं कोणी विचारलं की मी आता थोडक्यात आटपते. कारखान्यात कॉम्प्युटरवर ग्राफ काढते, बस. पूर्वी असं नव्हतं. कोणी सहज 'काय करतेस गं हल्ली' म्हटलं तरी मी खुर्ची ओढून बसायचे आणि सेन्सर, सर्व्हर, डॅशबोर्ड असं काय काय पाजळायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, 'सोड आता त्यांना, चहा गार होतोय.' मला वाटायचं आईला यातलं काय कळतंय. मला तरी कुठे काही कळत होतं म्हणा.

साजगावच्या बाजूला आमचा कारखाना आहे. खोके बनवायचा जाड कागद तिथे तयार होतो. कागद वाळवायला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर लागतो, आणि त्या बॉयलरवर माझे बाबा होते. माझ्या जन्माच्या आधीपासून होते. लोधिवलीच्या नाक्यावर कंपनीची बस यायची, तिच्यात त्यांची खिडकीजवळची जागा ठरलेली असायची आणि नवीन पोरगं चुकून तिथे बसलं तर बाकीचेच त्याला उठवायचे. साठी उलटल्यावरही कंपनीने त्यांना सोडलं नाही, दर दिवाळीला एकेक वर्ष वाढवून दिलं. पैशांची काही ओढाताण नव्हती, भाऊ कमावत होता, मीही कमावत होते. पण ते वर्ष वाढवून मिळालं की बाबा पेढे आणायचे. आई चिडवायची, 'ह्यांचं दर वर्षी नव्यानं लगीन लागतंय.' बाबा हसायचे आणि म्हणायचे, 'बॉयलरवर उभा हाय तवर मी हाय गं.' ते थट्टेत म्हणत नसत, हे मला उशिरा कळलं.

मला तिथे चिकटवलं तेही बाबांनीच. कर्जतला डिप्लोमा झाला, दोन-तीन ठिकाणी हेलपाटे घातले, मग बाबांनी आमच्या साहेबांकडे शब्द टाकला. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी कधी कोणाकडे शब्द टाकलेला नव्हता. मी रुजू झाले आणि कँटीनमध्ये ते ज्याला त्याला सांगत सुटले, 'पोरगी माजी. वाफ कॉम्पुटरात दाखवती.' मला तेव्हा त्यांच्या त्या बोलण्याची जरा लाज वाटायची. बघा, लाज वाटायची तर कशाची.

काम असं होतं. बॉयलरवर, मशीनवर, पाण्याच्या लाइनवर सेन्सर बसवलेले होते आणि त्यांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये येऊन पडत होते. त्या आकड्यांचे ग्राफ एका सॉफ्टवेअरमध्ये काढायचे. ग्राफ ते सॉफ्टवेअरच काढतं, पण उभ्या अक्षाची खालची हद्द किती आणि वरची किती, हे आपण ठरवून देऊ शकतो. शाळेत आलेखाच्या कागदावर कोपऱ्यात आपण 'प्रमाण' लिहायचो ना, तेच. इथे ते स्क्रिप्टमध्ये लिहायचं, म्हणजे चार ओळींचा हुकूम. या चार ओळी मला झकास जमायच्या. कोणी शिकवल्या नव्हत्या, आपल्या आपण धडपडून शिकले होते, त्यामुळे तर नाक आणखीच वर.

पावसाळा सरता सरता साहेबांनी कँटीनमध्ये मोठा टीव्ही लावायचं ठरवलं. बॉयलरवर आळीपाळीने काम करणारे तीन ऑपरेटर, म्हणून टीव्हीवर तीन चौकटी. प्रत्येक चौकटीत त्या ऑपरेटरच्या पाळीतलं वाफेचं प्रेशर एप्रिलपासून कसं राहिलं त्याची रेघ आणि खाली त्याचं नाव. प्रेशर दहा किलोवर ठेवायचं असतं. जास्त हलू द्यायचं नाही. मी तिन्ही चौकटींना शून्य ते पंधरा असा एकच अक्ष दिला. साहेबांनी ते पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? एखादा खड्डा सोडला तर तिघंही झोपलेत असं वाटतंय. बघणाऱ्याला काहीतरी दिसलं पाहिजे."

झालं. मी तासाभरात नवीन स्क्रिप्ट लिहून मोकळी. प्रत्येक चौकटीने आपल्या रेघेतला सगळ्यात खालचा आकडा शोधायचा, सगळ्यात वरचा शोधायचा, आणि तेवढ्याच टप्प्यात अक्ष ताणून बसवायचा. म्हणजे रेघ चौकट भरून दिसणार. साहेब खूश झाले. मग म्हणाले, "बाजूचे आकडे काढून टाक, गिचमीड होते. लांबून वाचणार कोण?" मी आकडेही काढले. मला ते जास्तच देखणं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता यात काय घोळ होता ते आधीच सांगून टाकते, कारण मला ते लपवून गंमत करायची नाही. बाकी दोन ऑपरेटरांच्या पाळीत त्या वर्षी एकेक मोठी घसरण झाली होती. एकाच्या वेळी ब्रिकेट, म्हणजे जाळायला येणारे भुशाचे ठोकळे, भिजलेले आले. दुसऱ्याच्या वेळी पाण्याचा पंप बंद पडला. दोघांचंही प्रेशर पार पाचापर्यंत खाली गेलं होतं. त्यांच्या चौकटीत ती घसरण मावायला हवी, म्हणून अक्ष लांबलचक ताणला गेला आणि बाकीची सगळी रेघ वरती गपगार, सपाट दिसायला लागली. बाबांच्या पाळीत तसं काहीच घडलं नव्हतं. त्यांचं प्रेशर दहाच्या किंचित वर, दहाच्या किंचित खाली, एवढंच हलायचं. पण चौकट भरायची म्हणून स्क्रिप्टने ते किंचितच छतापासून जमिनीपर्यंत ताणलं. हत्तीचा फोटो काढला तर त्याच्या पायाशी असलेली मुंगी दिसत नाही, आणि नुसत्या मुंगीचाच काढला तर तीच हत्तीएवढी दिसते. बाबांची चौकट करवतीच्या दात्यांसारखी दिसत होती. ज्याचं काम सगळ्यात स्थिर, त्याचीच रेघ सगळ्यात पिसाळलेली, आणि खाली त्याचं नाव ठळक अक्षरात. नाव ठळक करायची कल्पनाही माझीच.

टीव्ही गणपती झाल्यावर लागला. चहाच्या सुट्टीत माणसं ग्लास हातात घेऊन त्याच्यापुढे उभी राहायला लागली. प्रेशर किती किलो वगैरे कोणी बघत नव्हतं, आकडे होतेच कुठे. कोणाची रेघ शांत आणि कोणाची उड्या मारते, एवढंच सगळे बघायचे.

"काका, तुमचा बॉयलर आज नाचतोय काय?" असं एकाने विचारलं. सगळे हसले. बाबाही हसले. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, ती माणसं बाबांना मानणारी होती. पण दुसऱ्या दिवशी कोणीतरी तेच बोललं आणि तिसऱ्या दिवशी बाबा कँटीनमध्ये आले ते टीव्हीकडे पाठ करून बसले.

आणि मी? मी ती चौकट बघितली आणि मला वाटलं, बाबा थकले. आलेख मी काढलेला, स्क्रिप्ट मी लिहिलेली, अक्ष मी ताणलेला, आणि तरी माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की आपण काय लिहिलंय ते उघडून बघावं. बाप इतकी वर्षं तिथे उभा आहे, एकदाही त्याच्यामुळे मशीन थांबलेलं नाही, हे घरात लहानपणापासून ऐकत आले होते. ते सगळं मी आपल्या चार ओळींपुढे बाजूला ठेवलं. मला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. चूक कोणाच्याही हातून होते, पण मी विश्वास कोणावर ठेवला?

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पडले शहाणी. एका रविवारी जेवताना म्हटलं, "बाबा, डोळे दाखवून घ्या ना एकदा. प्रेशरचा काटा नीट दिसतो ना तुम्हाला?"

आईचा हात वाढता वाढता थांबला. बाबा म्हणाले, "दिसतो की." मग ताटावरून उठता उठता म्हणाले, "बगू, दाखवू." मीच त्यांना स्कूटरवरून खोपोलीला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, या वयात असतेच, आत्ता काही करायची गरज नाही. मी त्यातलं 'काही करायची गरज नाही' ऐकलं. बाबांनी 'सुरुवात आहे' ऐकलं.

त्यानंतर त्यांचं बिनसलंच. डबा अर्धा परत यायला लागला. आईने विचारलं तर म्हणाले, बॉयलरपासून हलता येत नाही. चहाचा कप उचलण्याआधी हात हवेत धरून बघायचे, थरथरतो का. हात थरथरत नव्हता, पण इतकं निरखून बघितल्यावर कोणाचाही हात थोडा थरथरणारच. ब्रिकेट टाकणाऱ्या माणसावर ते कधी ओरडत नसत, त्याच्यावरही एकदा खेकसले आणि मग स्वतःच त्याच्या घरी जाऊन बसून आले.

दसऱ्याला आमच्याकडे बॉयलरची पूजा असते. झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि बॉयलरवरचा सगळ्यात जुना माणूस नारळ फोडतो. किती वर्षं तो नारळ बाबांच्याच हातात होता. त्या दसऱ्याला साहेबांनी नारळ पुढे केला तर बाबांनी तो शेजारच्या ऑपरेटरच्या हातात दिला. तो घाटावरचा, तिशीतला, जोरात बोलणारा पण मनाचा साधा. तो गोंधळून म्हणाला, "काका, असं कसं, तुमीच फोडा." बाबा म्हणाले, "फोड रं. आता तुज्याच हातात हाय सगळं." सगळ्यांना वाटलं, काय मोठं मन. मलाही तसंच वाटलं, मी फोटोही काढला.

दिवाळीच्या तोंडावर वर्ष वाढवायचा कागद आला तेव्हा बाबांनी सही केली नाही. साहेबांना म्हणाले, आता पुरे, डोळ्याचं काही खरं नाही, वाफेशी खेळ नको. घरी पेढे आले नाहीत. आईने दिव्याच्या वाती वळायला घेतल्या आणि वळतच राहिली.

पुढच्या आठवड्यात मुख्य ऑफिसला पाठवायला एक अहवाल करायचा होता. छापील अहवाल, म्हणून चौकटींच्या बाजूला मी आकडे पुन्हा चालू केले. बाबांच्या चौकटीत खाली नऊ पूर्णांक आठ. वर दहा पूर्णांक दोन. शेजारच्या चौकटीत खाली पाच, वर अकरा. मी आधी म्हटलं, काहीतरी चुकलंय. स्क्रिप्ट उघडली. काही चुकलं नव्हतं, जसं लिहिलं होतं तसंच ते चाललं होतं. तिन्ही चौकटींना एकच अक्ष दिला तर बाबांची रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ झाली. मी खुर्चीत बसल्या बसल्या पदर नसताना पदर शोधत होते तोंड झाकायला. मग उठून बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले.

तशीच साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. साहेब भले माणूस आहेत, त्यांचाही चेहरा उतरला. आकडे काढायला त्यांनीच सांगितलं होतं. "तू टीव्हीवरचं आजच दुरुस्त कर," ते म्हणाले, "मी काकांना फोन करतो. कागद अजून माझ्याकडेच आहे." त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. बाबांचा आवाज मला अर्धवट ऐकू येत होता. साहेबांनी सगळं समजावलं, दोनदा समजावलं. शेवटी फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "काका म्हणतात, पोरीनं सांगितलं असेल तुम्हाला फोन करायला, तिच्या मनाला लागलंय, तुम्ही मनावर घेऊ नका."

म्हटलं, फोनवर नाही कळणार त्यांना, मी घरी समोर बसवून दाखवते. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी पलंगावर बसले. आईही दारात येऊन उभी राहिली.

"हे बघा बाबा, ही तुमची रेघ. आधी अशी दिसत होती." करवतीचे दाते दिसल्यावर त्यांनी मान जराशी वळवली. "आता मी फक्त खालचा आणि वरचा आकडा बदलते. बाकी कशालाही हात लावत नाही. बघा हं." मी दोन आकडे टाइप केले. रेघ सरळ झाली.

बाबांनी वाकून स्क्रीन जवळून बघितला. मला वाटलं, कळलं. माझा जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत ते म्हणाले, "दोन आकडे घातलेस नि रेग सरळ झाली?"

"हो, म्हणजे मुळात ती सरळच होती."

"माज्यासाठी सरळ केलीस होय." आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

मी अक्षरशः हमरीतुमरीवर आले. आकड्यांची छापील पानं पुढे टाकली. त्यांनी चष्मा लावून दोन ओळी वाचल्या आणि पानं नीट दुमडून परत दिली. मी म्हटलं, "तुम्ही काटा बघत होता ना रोज? कुठे दिसायचा काटा?"

"धावरच दिसायचा," ते म्हणाले. "म्हणून तर डोळ्याचं वाटलं मला. तुजा टीवी येवढा हालताना दाखवतोय आन् मला काटा जागच्या जागी दिसतोय. आगं, तू शिकलेली, तू कशाला चुकीचं लिवशील?"

मी लॅपटॉप मिटला आणि मोरीत जाऊन रडले. आई मागून आली आणि म्हणाली, "नको गं आता. त्यांना जास्त त्रास होतोय तुजा." ती माझ्या बाजूने बोलतेय की त्यांच्या, मला कळलं नाही. तीही बाबांचंच खरं धरून बसली होती, हे मात्र कळलं.

कारखान्यातही वेगळं काही झालं नाही. टीव्हीवर बाबांची रेघ सरळ झाली, बाजूला आकडे आले, तिन्ही चौकटींना एकच माप झालं. मी चहाच्या सुट्टीत टीव्हीपाशी उभी राहून भेटेल त्याला समजावत होते. माणसं ऐकून घ्यायची, मान हलवायची. मग पाठमोरी झाली की म्हणायची, काका चाललेत म्हणून लेकीने रेघ सरळ करून दिली. यात टोमणा नव्हता. त्यांना ते आवडलं होतं.

निरोपाचा कार्यक्रम कँटीनमध्येच झाला. शाल, श्रीफळ, समोसे, वेफर. आई पहिल्यांदाच कारखान्यात आली होती, नवी साडी नेसून पुढच्या खुर्चीवर अवघडून बसली होती. साहेब चांगलं बोलले. घाटावरचा तो ऑपरेटर बोलायला उभा राहिला आणि सरळ बाबांच्या पाया पडून खाली बसला. मग बाबा उभे राहिले. भाषणाची सवय नाही, शाल एका खांद्यावरून घसरत होती.

"आमी आडाणी माणसं," ते म्हणाले. "वाफेचं काम धोक्याचं. माणूस म्हातारा होतो ते त्याचं त्याला कळत नाय. मला माज्या पोरीनं दाखवलं. येळेवर दाखवलं. नाय तर माज्या हातून काय झालं असतं, कुनाच्या घरात काय झालं असतं. तिचे उपकार हायेत."

टाळ्या वाजायला लागल्या आणि मी उठले. उठताना खुर्ची मागे पडली. मी म्हटलं, "थांबा. हे खोटं आहे. बाबांचं काही चुकलेलं नव्हतं, कधीच नव्हतं. सगळ्यात चांगलं प्रेशर त्यांचंच होतं. चूक माझी होती, मी अक्ष चुकीचा लिहिला, मी त्यांना म्हातारं ठरवलं." माझा आवाज चिरकत होता आणि नाकातून पाणी येत होतं. मला वाटलं, आता तरी कोणीतरी माझ्याकडे रागाने बघेल. साहेब उठून सांगतील. कोणीतरी शिवी देईल.

साहेब खाली मान घालून बसले होते. आणि मघापेक्षाही जोरात टाळ्या वाजल्या. पॅकिंगमधल्या दोघी डोळे पुसत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "लेक असावी तर अशी." आईसुद्धा टाळ्या वाजवत होती.

बाबा टेबलाला वळसा घालून माझ्यापर्यंत आले. पडलेली खुर्ची त्यांनी उचलून सरळ केली, मला दंडाला धरून खाली बसवलं आणि कानाशी वाकून म्हणाले, "बस झालं, बाय. माज्यापायी चार माणसांत खोटं नको बोलू."